खिडकीचा हात, दाराचा पाय

५ जानेवारी, सोमवार

आज मी कुंग फूची शिक्षिका झाले. हसायचं नाही. हे मी स्वतःलाच बजावतेय, कारण ही वही दुसरं कोणी वाचणार नाही.

झालं असं की सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता ताईने जाहीर करून टाकलं, "कुंग फूचा वर्गच बंद करतेय. मार्चमधलं प्रात्यक्षिक झालं की पाटी उतरवायची. लाँड्रीवाल्या काकांना शिडी सांगून ठेवलीये."

तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आता बरेच दिवस झाले. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, चाला, फिरा, जिने चढा, पण उजव्या पायावर पूर्ण खाली बसणं आता विसरा. आणि जिला खाली बसता येत नाही तिने मुलांना काय शिकवायचं, कपाळ? हे ताईचं म्हणणं.

"मार्चपर्यंत तरी कोण शिकवणार?" मी विचारलं. मोठ्या मुलांची तुकडी बांबू सांभाळतो. बांबू म्हणजे ताईचा सगळ्यात जुना विद्यार्थी, आता स्वतः प्रशिक्षक. अंगकाठी नावाला जागणारी. पण लहानांचं नाव काढलं की तो दोन पावलं मागे सरतो. म्हणतो, "त्यापेक्षा मी वाघाला आंघोळ घालीन."

तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "मी घेते."

मी जणू विमान चालवायला घेते म्हणाले अशा नजरेने ताईने माझ्याकडे पाहिलं. तसं लहानपणी मी तिच्याकडेच शिकलेय आणि बरी होते. पण त्याला जमाना लोटला. आता मी चष्म्याच्या दुकानात लोकांपुढे आरसा धरते आणि "ही फ्रेम तुम्हाला खुलून दिसते" असं सांगते.

का म्हणाले ते लिहून ठेवते. पाटी उतरली तर ताईचं काय होईल याची मला भीती वाटते. तिला दुसरं काही येत नाही, आणि आवडत तर त्याहून नाही. ऑपरेशनपासून ती आमच्याकडे राहते आणि दिवसभर गॅलरीत बसून रस्त्याने जाणाऱ्या लोकांच्या चालण्यातल्या चुका काढते. कालपासून तेही बंद केलंय. ते मला जास्त लागलं.

मी एकच अट घातली. "वर्गात येऊन बसायचं तर बस, पण तोंड उघडायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही."

"नाही उघडणार," ताई म्हणाली. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तेवढी एक गोष्ट बरी आहे.

७ जानेवारी, बुधवार

पहिला दिवस पार पडला. हातपाय शाबूत आहेत, मुलांचेही.

हॉल लाँड्रीच्या वर आहे. खाली दिवसभर वाफेची यंत्रं आणि इस्त्र्या चालतात, त्यामुळे वरची फरशी पायांना कोमट लागते आणि भिंतींत साबणाचा वास मुरलाय. एका बाजूला लांब खिडकी, तिच्या समोरच्या भिंतीत दार. एका टोकाला फळा, दुसऱ्या टोकाला चपलांची मांडणी. ताईने आपली खुर्ची चपलांपाशी मांडली. तिथून ती मुलांच्या डोक्यांवरून थेट माझ्या डोळ्यांत बघते.

तुकडी अगदी नवी आणि अगदी छोटी. नावं लक्षात राहीनात म्हणून मी आपली टोपणनावं पाडली. एक मुलगी प्रत्येक गोष्टीवर "पण का?" विचारते, ती वकीलबाई. तिचा धाकटा भाऊ तिच्या टीशर्टचं टोक धरून फिरतो, तो शेपूट. आणि एक ओरडतो तेव्हा खालच्या इस्त्र्या थांबतात, तो भोंगा. सगळी मुलं ताईला मोठी ताई आणि मला छोटी ताई म्हणतात. या वयात कोणीतरी छोटी म्हणतंय, मी कशाला तक्रार करू.

आधी सलामी शिकवली. उजवी मूठ, तिच्यावर डावा तळवा. "उजवी मूठ" म्हटल्यावर निम्म्यांनी डावी पुढे केली. शेपटाने दोन्ही. मग ताईची जुनी युक्ती आठवली. लहान मुलांशी उजवं-डावं बोलायचंच नाही, हॉलच्या भाषेत बोलायचं. फळ्याकडे तोंड केलं की उजवीकडे खिडकी, डावीकडे दार. म्हणून खिडकीचा हात, दाराचा पाय. मीही तशीच शिकले होते. "खिडकीची मूठ, दाराचा तळवा!" म्हटल्याबरोबर सगळे हात कसे जागच्या जागी बसले.

ताई काही बोलली नाही. पण तिची भुवई बोलली.

९ जानेवारी, शुक्रवार

वाईट दिवस. मुलांकडे तोंड करून शिकवायचं म्हणजे आपण सगळं उलट्या बाजूने करून दाखवायचं, तेव्हा त्यांचं सुलट होतं. ताई हे झोपेतही करायची. माझे हात एकमेकांत अडकले. खिडकीचा म्हणत मी दाराचा हात उचलला, मग सावरताना दोन्ही खाली टाकले. शेपूट म्हणाला, "छोटी ताई विसरली." समोर ताई. भुवई पार केसांत गेलेली.

मला त्या भुवईपुढे काही सुचत नाही. लहानपणीही असंच व्हायचं.

१२ जानेवारी, सोमवार

तोडगा सापडला! इतका सोपा, की आधी कसा सुचला नाही याचं आश्चर्य वाटतंय.

मी अख्खा वर्गच फिरवला. मी आता चपलांच्या बाजूला उभी राहते, मुलं माझ्याकडे तोंड करून, आणि ताई माझ्या पाठीमागे. ना भुवई दिसत, ना नजर. आणि गंमत म्हणजे माझे हातपाय आपोआप बरोबर पडू लागले. फळ्याकडे तोंड करून लहानपणी जसे पडायचे अगदी तसेच. शरीर विसरत नाही म्हणतात ते खोटं नाही. मी "खिडकीचा हात" म्हणते, माझा खिडकीचा हात उठतो, मुलांचाही खिडकीचा उठतो. कुठे गोंधळ म्हणून नाही.

पहिल्यांदा वाटलं, जमेल बाई आपल्याला. घरी येताना मी जिन्यात गुणगुणत होते. ताई मात्र रस्ताभर गप्प. एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. मी विचारलं, "काय?" तर म्हणाली, "काही नाही. शब्द दिलाय."

१९ जानेवारी, सोमवार

मुलं भराभर शिकतायत. प्रात्यक्षिकात जी हालचालींची मालिका करायची आहे ती अर्धी झालीसुद्धा. मी एखादी हालचाल एकदाच सांगते आणि पोरं ती हुबेहूब उचलतात. जिथे मी स्वतः चाचपडते तिथेही ती अडत नाहीत. माझ्या शिकवण्यात काहीतरी असणार.

एकच खोड आहे. माझ्याकडे बघण्याऐवजी माझ्या खांद्यावरून मागे बघतात. आज मी गर्रकन वळून पाहिलं. ताई पदराने चष्मा पुसत बसली होती, अगदी साळसूद चेहऱ्याने. तो चष्मा मीच बनवून दिलाय. एवढा पुसावा लागत नाही.

२८ जानेवारी, बुधवार

आज साप शिकवला. मालिकेतली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात देखणी हालचाल. खिडकीच्या पायावर पूर्ण खाली बसायचं, दाराचा पाय जमिनीलगत लांब सोडायचा, तसंच खालून सरपटत पुढे यायचं आणि एक पाय आपटून ताठ उभं राहायचं. ताईचा साप बघायला एके काळी दुसऱ्या गावांतून लोक यायचे. हीच ती बैठक, जी डॉक्टरांनी तिला कायमची बंद केली.

मी खाली गेले आणि खालीच राहिले. वकीलबाई आणि भोंगा यांनी काखेत हात घालून मला उभं केलं. मुलांचे साप मात्र मस्त झाले. शेपटाचा तर गांडूळ झाला, पण उत्साही गांडूळ.

घरी आल्यावर ताई म्हणाली, "तो साप परत दाखव. जमेल तेवढा. कपाटाच्या आरशासमोर."

दाखवला. कपाटाचं हँडल धरून का होईना, दाखवला. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, नुसती आरशात बघत होती. "परत," म्हणाली. "आणखी एकदा." माझ्याकडे थेट बघायचीही लाज वाटत असेल तर दाखवायला सांगावं कशाला? मला फार वाईट वाटलं. मी पाय चेपत झोपले.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

विशेष काही नाही. ताई हल्ली भल्या सकाळी फिरायला जाते. डॉक्टरांनीच सांगितलंय. गुडघ्याचा पट्टा रोज धुऊन दोरीवर वाळत घालते. वर्गात तर नुसती बसून असते, पट्ट्याला एवढा घाम कुठून येतो देव जाणे.

नवरा म्हणतो, "तुम्ही दोघी बहिणी एकमेकींशी बोलत का नाही? घरात राहून टपालाने कारभार चाललाय." मी म्हटलं, तोंड उघडायचं नाही अशी अट मीच घातलीये. तो म्हणाला, "ती वर्गापुरती होती ना?" हो, होती. पण तिने ती घरीही लावून घेतली, आणि पाटीचा विषय काढायचा मला धीर होत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

लाँड्रीवाले काका आज जिन्यात भेटले. म्हणाले, "सकाळी मी दुकान उघडतो तेव्हा वर कोण असतं हो? धप् असा आवाज येतो. मग बराच वेळ काही नाही. मग परत धप्. पांढऱ्या शर्टांवर छताची पावडर पडते."

मी म्हटलं, बांबू असेल. त्याच्याकडे किल्ली आहे.

"तो नव्हे. तो नाचला तर दोन्ही पायांनी नाचतो. हा एकच पाय आपटतो, दुसरा जपून ठेवल्यासारखा."

मग बांबूच्या तुकडीतला कोणीतरी पाय मुरगळलेला मुलगा असणार. बांबूला सांगितलं पाहिजे, दुखऱ्या पायाने सराव करू देऊ नकोस म्हणून. काका जाताना म्हणाले, "शिडी काढून ठेवलीये, ताईंना सांगा." मी नाही सांगितलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

घात झाला. लिहायलाही हात उठत नाही, पण लिहिते.

आज दोन्ही तुकड्यांचा पहिला एकत्र सराव होता. सगळे ताईच्या खुर्चीकडे, म्हणजे चपलांकडे तोंड करून, एक मोठा, एक लहान अशा रांगेत. बांबू नुसते आकडे मोजणार होता. त्याने "एक" म्हटलं. सगळे मोठे उजवीकडे निघाले, सगळे लहान डावीकडे. "दोन" म्हणेपर्यंत भोंगा एका मोठ्या मुलाच्या पोटात घुसला होता आणि शेपूट कोणाच्या तरी पायाखालून ओरडत होता.

बांबू म्हणाला, "परत." परत तेच. सलामी सरळ, आणि तिथून पुढे शेवटपर्यंत सगळं उलटं. न चुकता, एकजात, सुंदर उलटं.

"ही पोरं आरशातून आणलीस का?" बांबू म्हणाला. मला तरी कळेना. मी म्हटलं, अरे, मी खिडकीचा हात म्हणजे खिडकीचाच हात शिकवलाय.

मग त्याने शांतपणे विचारलं, "तू वर्ग फिरवलास. खिडकी फिरली का?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फळ्याकडे तोंड असताना खिडकी उजवीकडे. चपलांकडे तोंड केलं की तीच खिडकी डावीकडे. पहिल्या दिवशीची सलामी तेवढी सुलट शिकवली, आणि बाकी अख्खी मालिका डाव्या अंगाने. दिवसभर लोकांपुढे आरसा धरणाऱ्या बाईला हे कळू नये!

मोठी मुलं हसत होती. लहान मुलं माझ्याकडे बघत होती, आपण काय चुकलो ते कळत नसल्यासारखी. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, म्हणून जास्त रडू आलं. चपला शोधायच्या निमित्ताने मी मांडणीकडे तोंड केलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

ताईशी भांडले. म्हणजे मी भांडले, ती चहा पीत होती.

"तुला दिसलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि गप्प बसलीस?"

"तोंड उघडायचं नाही असं कोण म्हणालं होतं?"

"अगं, मी विहिरीत उडी मारली असती तरी गप्प बसली असतीस का?"

"विहीर आणि ही गोष्ट वेगळी. आधी मला वाटलं, सांगावं. मग म्हटलं, बघू तरी." तिने बोटाने कपातली साय बाजूला केली. "पोरं छान करतायत."

"उलटं करतायत!"

"उलटं छान करतायत. साप काय, कुठल्याही अंगाने सरपटतो. राहू दे तसंच."

राहू दे! जिने मला लहानपणी अंगठा अर्धं बोट वाकडा राहिला म्हणून जेवणाची वेळ टळेपर्यंत उभं केलं, ती म्हणते राहू दे. याचा अर्थ स्पष्ट आहे. तिने सोडून दिलंय. पाटी उतरणारच आहे, मग सुलट काय आणि उलट काय. मी हरले असं आज वाटतंय. तिच्या आवाजात जराही राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

४ मार्च, बुधवार

मुलांना सुलट शिकवून पाहिलं. सपशेल फसलं. निम्म्यांचं डोकं खिडकीकडे आणि पाय दाराकडे. भोंग्याने स्वतःच्याच पायात पाय घालून लोळण घेतली. वकीलबाई कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"पण का बदलायचं?"

"कारण ते उलटं आहे."

"कोणाच्या उलटं?"

"मोठ्या मुलांच्या."

"मग त्यांना सांगा ना बदलायला. आम्हाला आमचं येतं."

मागून खोकल्यासारखा आवाज आला. वळून पाहिलं तर ताई तोंडाला पदर लावून बसलेली.

संध्याकाळी बांबूला सगळं सांगितलं. तो हसायचा थांबला आणि फळ्यावर खडूने रेघा ओढू लागला. मोठे सगळे उजव्या अर्ध्यात, लहान सगळे डाव्या अर्ध्यात. मोठे उजवीकडे निघतील तेव्हा लहान डावीकडे, आणि परत येताना दोन्ही बाजू जवळ. दाराची दोन कवाडं उघडावीत आणि मिटावीत तसं. करून पाहिलं. कोणी कोणाच्या पोटात घुसलं नाही. उलट इतकं देखणं दिसलं, की बांबू स्वतःच म्हणाला, "हे आपण ठरवून केलंय असं सांगायचं."

थोडी आशा वाटतेय. निदान शेवट तरी थाटात होईल.

२० मार्च, शुक्रवार

रंगीत तालीम. परवा प्रात्यक्षिक आहे त्या सभागृहात. तिथे काय असावं? चारी बाजूंनी काळे पडदे. एक खिडकी नाही. दार आहे ते प्रेक्षकांच्या मागे, अंधारात.

मुलं रंगमंचावर चढली आणि शेपटाने बहिणीचा टीशर्ट दोन्ही हातांनी धरला. "खिडकी कुठे गेली?"

बस्स. एकाला शंका आली की साथ आल्यासारखी ती अख्ख्या तुकडीला लागते. बांबूने "एक" म्हटलं आणि मुलं दहा दिशांना गेली. मी म्हटलं, समजा की खिडकी इकडे आहे. वकीलबाई म्हणाली, "पण नाहीये." शेपूट रडायला लागला. त्याचं बघून आणखी दोघं. मी गुडघ्यावर बसून डोळे पुसतेय, शेंबूड पुसतेय, आणि मनात म्हणतेय, झालं, संपलं, परवा सगळ्यांसमोर हेच होणार आणि सोमवारी पाटी उतरणार.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ताई उठली. पायऱ्या चढून वर आली आणि मुलांच्या डाव्या अंगाला, रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

"रडायचं नाही," ती म्हणाली. "ही इथे खिडकी. मी खिडकी आहे."

इतक्या दिवसांत वर्गात तिने उच्चारलेले हे पहिले शब्द. मुलं चूप झाली. वकीलबाईने डोळे बारीक करून तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "मग दार?"

"दार ही," ताईने माझ्याकडे बोट केलं. "कधीच बंद नसतं."

सगळी हसली. मीही. मी उजव्या टोकाला उभी राहिले. "मोठ्या ताईचा हात, छोट्या ताईचा पाय" असं मुलांनी आपलं आपणच म्हणून पाहिलं. बांबूने परत मोजलं आणि मालिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत झाली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "शब्द मोडलास."

"हो," ती म्हणाली. "मोडला. परवाही तिथे उभी राहीन म्हणते. चालेल ना?"

ताईने मला "चालेल ना" असं आजवर कधी विचारलं नव्हतं. मी नुसती मान हलवली.

२२ मार्च, रविवार

कुठून सुरू करू?

सभागृह भरलं होतं. पुढच्याच रांगेत लाँड्रीवाले काका, कडक इस्त्रीच्या शर्टात. नवरा मोबाईल धरून, बहुतेक उलटा. मुलं चढली. डावीकडे टोकाला ताई, मग लहान, मग मी, मग मोठे. मला वाटलं होतं ताई नुसती उभी राहील, खिडकीसारखी. सलामी झाली. बांबूने "एक" म्हटलं.

आणि ताईचा डावा हात उठला.

मी दाराचं काम विसरून तिच्याकडे बघत राहिले. मुलं डावीकडे निघाली, ती निघाली. मुलं वळली, ती वळली. एकेक हालचाल मुलांसारखी, त्यांच्याच अंगाने, उलटी. माझ्या चुकीची. मला कळेना, हिला हे येतं कसं? आणि मग साप आला. मी मनात ओरडले, नको, ताई, गुडघा!

ती खाली गेली. डाव्या पायावर. धडधाकट पायावर. उजवा पाय, तो दुखरा, पट्टा बांधलेला, जमिनीलगत नुसता लांब सुटला होता, त्याच्यावर भार असा काही नव्हताच. ती तळाशी गेली, सरपटत पुढे आली आणि पाय आपटून ताठ उभी राहिली.

धप्.

पुढच्या रांगेत लाँड्रीवाले काका खुर्चीतून अर्धे उठले आणि मोठ्याने म्हणाले, "अरे, हेच! हेच ते!"

तेव्हा मला कळलं. सकाळचं फिरणं, दोरीवरचा पट्टा, कपाटाचा आरसा. सुलट मालिकेत साप उजव्या पायावर असतो. तो डॉक्टरांनी बंद केला होता. डाव्या पायावरचा कोणी बंद केला नव्हता, कारण तो कोणाला माहीतच नव्हता. तो मी चुकून तयार केला.

टाळ्या पडत होत्या. मला ऐकू येत होत्या, दिसत काही नव्हतं. शेवटची सलामी करायची तर मी दोन्ही हातांनी डोळे पुसत होते. शेपूट मला कोपराने ढोसत होता, "छोटी ताई, मूठ! मूठ!"

पडद्यामागे मी ताईला घट्ट धरलं आणि म्हटलं, "सांगायचंस तरी!"

"जमलं नसतं तर?" ती म्हणाली. तिलाही धाप लागली होती आणि डोळे भरले होते. "मला वाटलं होतं, गेलं ते गेलं. मग तू तोंड फिरवलंस आणि पोरं डाव्या अंगाने खाली बसायला लागली. मी खुर्चीत बसून तुझ्या पाठीमागून त्यांना खुणा करत होते आणि बघत होते. म्हटलं, हे तर मलाही जमेल."

आम्ही दोघी रडलो. बांबू पाण्याची बाटली घेऊन आला, आम्हाला बघून तसाच उलट पावली परत गेला.

२३ मार्च, सोमवार

पाटीबद्दल काल विचारायचं राहूनच गेलं. खरं तर धीर झाला नाही. ताई रात्रभर गाढ झोपली आणि सकाळी मला न सांगता निघून गेली. दुकानातून सुटल्यावर मी धावतपळत हॉलवर गेले.

फळ्यामागच्या भिंतीला रस्त्याच्या बाजूने पाटी आहे, तिथे शिडी लावलेली. काका शिडी धरून, ताई शेजारी उभी.

"आलीस? चढ," ताई म्हणाली. "माझा गुडघा शिडीला नको म्हणतो."

"ताई, उतरवायचीच का?"

"उतरवायची कोण म्हणालं?" तिने माझ्या हातात ओलं फडकं दिलं. "धूळ बघ किती बसलीये. पुसून घे. वाकडीसुद्धा झालीये."

मी चढले. फडकं पाटीवर फिरवत होते आणि नाक ओढत होते. एवढ्यात मुलं येऊन पोचली आणि शिडीभोवती गोळा झाली. भोंग्याने अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं विचारलं, "आज तोंड कुठे करायचं?"

"आधी फळ्याकडे, मग चपलांकडे," ताई म्हणाली. "दोन्ही अंगांनी शिकायचं. छोटी ताई एका टोकाला, मी दुसऱ्या."

"पण का?" वकीलबाई.

"कारण तुझ्या छोट्या ताईने शोधून काढलंय."

ताईने इतक्या वर्षांत माझं केलेलं हे पहिलं कौतुक, तेही मी शिडीवर असताना. मी पाटीला धरून राहिले म्हणून पडले नाही. पाटी मात्र आणखी वाकडी झाली.

"डावीकडून वर घे," ताई खालून ओरडली. "अगं, डावीकडून! ती उजवी! काय बाई आहे ही. खिडकीकडून वर घे, खिडकीकडून!"

मी खिडकीकडून वर घेतली. पाटी सरळ झाली.